सावळ्या चेहऱ्याची कातडी रेंडरमध्ये मेणासारखी का दिसते?

तुम्ही विचारलंय की ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सावळ्या म्हातारीचा चेहरा केला, सबसरफेसही (प्रकाश कातडीत शिरून आत पसरतो ते दाखवणारी सेटिंग) लावलं, तरी ती मेणाची बाहुलीच का वाटते. मी सोलापुरात थ्रीडीचं काम करतो. माझ्या आजीचा चेहरा करताना मीही इथेच अडकलो होतो.

आधी माप बघा. ब्लेंडर 4 मध्ये प्रिन्सिपल्ड शेडरचा (वस्तूचा रंग-चमक ठरवणाऱ्या मुख्य सेटिंगचा) सबसरफेस स्केल, म्हणजे प्रकाश आत किती लांब पसरतो ते माप, मुळातच 0.05 मीटर असतो, म्हणजे 5 सेंटिमीटर! डोकं खऱ्या मापाचं असेल तर लाल प्रकाश गालभर पसरतो आणि मेण तयार होतं. कातडीत तो काही मिलिमीटरच पसरतो, हिरवा-निळा त्याहून कमी. मी 0.005 च्या आसपास ठेवतो. आयओआर, म्हणजे अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो), 1.4.

प्रकाश जिथे शिरतो तिथूनच बाहेर पडत नाही, ही गोष्ट 2001 मध्ये संगणक-चित्रांचे संशोधक हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी झटपट रेंडर होईल अशा गणितात बसवली. सबसरफेसच्या बटणामागे कल्पना तीच आहे, ब्लेंडरचं आजचं गणित मात्र वेगळं आहे. पण सावळ्या चेहऱ्याचं काम तेवढ्याने भागत नाही. मेलॅनिन, म्हणजे कातडीला काळसर रंग देणारं द्रव्य, असतं अगदी वरच्या पातळ थरात, रक्त त्याच्याखाली. आत शिरलेला बराच प्रकाश मेलॅनिनच गिळतं. वरच्यावर परतणारी चकाकी मात्र गोऱ्या कातडीइतकीच राहते, म्हणून ती जास्त उठून दिसते. बहुतेक ट्युटोरियल गोऱ्या चेहऱ्यांवर केलेली असतात. त्यातले आकडे जसेच्या तसे उचलले की आपली माणसं राखाडी, निर्जीव दिसतात. मला ते बघवत नाही.

आजी उंबऱ्यात बसून विड्या वळायची. उन्हाची तिरीप आली की गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा लख्ख चमकायचा, गालाच्या खळग्यात मात्र कोरडं. हात पालथा असला की काळसर. उताणा केला की तळवा फिक्का गुलाबी आणि त्यातल्या रेघा गडद. हे सगळं एका बेस कलरमध्ये (मूळ रंगात) कसं येणार? रफनेसचा (खरखरीतपणाचा; आकडा कमी तितकी चमक जास्त) वेगळा मॅप, म्हणजे चेहऱ्यावर पसरायचं चित्र, रंगवा: कपाळ-नाकाला 0.35, गालाला 0.5 पासून सुरुवात करा. सुरकुत्या बंपमध्ये (पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या मॅपमध्ये) द्या. फोटोवरून टेक्स्चर घेतलं असेल तर त्यातली चमक आणि सावली आधी पुसून टाका, नाहीतर दिवा हलवला तरी चमक जागची हलत नाही.

टेस्ट रेंडर एकाच बाजूच्या दिव्यात काढा आणि घरातलं कुणीतरी खिडकीशी बसवून शेजारी ताडून बघा. तरी जमलं नाही तर नोड्सचा (शेडरच्या जोडलेल्या चौकटींचा) स्क्रीनशॉट टाका, मी बघतो.