नांदायला येण्याचा दावा आणि मारहाण सोसलेली स्त्री

प्रश्न : माझ्या लग्नाला नऊ वर्षे झाली. नवऱ्याच्या मारहाणीमुळे दीड वर्षापूर्वी मी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आले. घरच्यांना नको होते म्हणून पोलिसांत तक्रार केली नाही. मात्र हाताचे हाड मोडले तेव्हाचे सरकारी रुग्णालयातील कागद माझ्याजवळ आहेत. मी खावटीसाठी अर्ज करताच नवऱ्याने दावा लावला की मी विनाकारण घर सोडले आहे आणि मला नांदायला यायला सांगावे. गावातील जाणती माणसे म्हणतात, ‘कोर्टाने सांगितले तर जावेच लागेल, नाही तर खावटी बंद होईल.’ हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, यातील एकही गोष्ट खरी नाही. नवऱ्याचा दावा हिंदू विवाह अधिनियम, 1955च्या कलम 9 खालील, म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा आहे. तो मंजूर झाला तरी कोणी तुम्हाला हाताला धरून सासरी नेऊन सोडू शकत नाही. अशा हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद 1923 मध्येच काढून टाकली गेली. आता उरली आहे ती मालमत्तेच्या जप्तीची तरतूद. हुकूमनाम्यानंतर वर्षभर एकत्र राहणे झाले नाही, तर दोघांपैकी कोणालाही त्या आधारावर घटस्फोट मागता येतो. खावटीचा अर्ज पडल्यावर लगोलग येणाऱ्या दाव्यामागे पुष्कळदा एवढाच हेतू असतो.

खावटीबाबतही घाबरू नका. झारखंडमधील एका दांपत्याच्या प्रकरणात नवऱ्याच्या हातात कलम 9 चा हुकूमनामा होता आणि पत्नी परत गेली नव्हती, म्हणून उच्च न्यायालयाने तिची खावटी नाकारली होती. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दरमहा 10,000 रुपयांची खावटी पुन्हा लागू केली. न जाण्यास पुरेसे कारण असेल, तर केवळ हुकूमनाम्यामुळे पत्नीचा हक्क बुडत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तरीही या कलमात एक गोष्ट आहे, जी मला फार अन्यायाची वाटते. 1976 मध्ये कलम 9 ला जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार, घर सोडण्यास वाजवी कारण होते हे सिद्ध करण्याचा भार घर सोडणाऱ्यावरच असतो. चार भिंतींआड जिने मार खाल्ला, लाजेपोटी वा माहेरच्यांच्या आग्रहाने जिने तक्रारही केली नाही, तिनेच पुरावा आणायचा. आणि दावा लावणाऱ्याने मात्र ‘मी तिला नांदवायला तयार आहे’ एवढे म्हणून भागते.

हा दावा मुळात आपला नव्हे, तो इंग्रजी कायद्यातून आला. मुंबई उच्च न्यायालयात 1884 मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध असाच दावा लावला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई सासरी नांदायला गेल्याच नव्हत्या. 1887 मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने तुरुंगवासाचा हुकूम केला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. खुद्द इंग्लंडने हा दावा 1970 च्या कायद्याने रद्द केला. आपल्याकडे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1983 मध्ये कलम 9 घटनाबाह्य ठरवले होते, कारण त्यामुळे स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरील अधिकार हिरावला जातो. पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विवाह टिकवण्याचा सामाजिक हेतू त्यातून साधतो असे सांगून, ते कलम वैध ठरवले. विधी आयोगाने 2018 च्या विचारपत्रात हे कलम वगळावे या सूचनेशी सहमती दर्शवली आहे. माझेही तेच मत आहे. ज्या घरात हाड मोडले, त्या घरात परत जाण्याचा हुकूम मागण्याची सोय कायद्याने ठेवू नये. ही सोय रद्द होईपर्यंत निदान एवढी दुरुस्ती व्हावी की, हिंसेचा आरोप असेल तेथे आधी संरक्षणाच्या अर्जावर निर्णय व्हावा आणि सिद्धतेचा भार स्त्रीवर राहू नये.

आता तुमच्या दाव्याविषयी. समन्स घरात ठेवून गप्प बसू नका. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. लेखी जबाबात मारहाणीचे प्रसंग, जमेल तेवढ्या तारखांसह, लिहा. रुग्णालयाचे कागद जोडा आणि ज्यांना तुम्ही त्या काळात सांगितले ती बहीण, शेजारीण किंवा आई यांची साक्ष द्या. पोलीस तक्रार नाही म्हणून हिंसा झालीच नाही, असे कायदा मानत नाही. त्याचबरोबर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तुम्ही सध्या माहेरी राहता, तेथील न्यायालयातही तो चालतो, आणि त्यात संरक्षणाचा आदेश, वेगळ्या घराचे भाडे व मुलीचा तात्पुरता ताबा मागता येतो. वकिलाच्या फीची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो; पुढील तारखेआधी तेथे समन्स आणि रुग्णालयाचे मूळ कागद घेऊन जा, आणि प्रती स्वतःजवळ ठेवा.