मायच्या गुडघ्याचा स्कोअर ३ आला, म्हणजे काय?

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आम्ही दारव्ह्याकडचे. मायचा गुडघा सहा महिन्यापासून सुजते, कापूस वेचाले वाकताच येत नाही. नागपूरले आतला तुकडा काढून तपासला तं रिपोर्टात ‘सायनोव्हायटिस स्कोअर ३, लो ग्रेड’ आलं. हा आमवात हाय का जी?

उत्तर: भाऊ, घाबरू नका. सांध्याच्या आत पातळ अस्तर असतं, त्याच्या सूजेला सायनोव्हायटिस म्हणतात. या अस्तराचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून तीन गोष्टींना ० ते ३ मार्क देतात, अस्तराचा थर किती जाड झाला, खालच्या भागात पेशींची गर्दी किती आणि सूजेच्या पांढऱ्या पेशी किती घुसल्या, म्हणजे बेरीज जास्तीत जास्त ९. ही पद्धत क्रेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली. १ पर्यंत सूज नाही, २ ते ४ लो ग्रेड म्हणजे कमी सूज, ५ पासून हाय ग्रेड म्हणजे जास्त सूज. लो ग्रेड बहुतेक झिजेत किंवा जुन्या मारात दिसतो, आमवातात सहसा हाय ग्रेड.

पण नुसत्या मार्कांवर आजाराचं नाव लावू नका! गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर स्कोअर कमी दिसू शकतो, ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. सकाळी तासभर बोटं आखडतात का तेही मायला विचारा, आखडत असतील तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवातासाठीच्या रक्ताच्या तपासण्या करून घ्याच.