टिंपॅनोप्लास्टीच्या अभ्यासात प्रत्येक गटात ३० रुग्ण पुरतील का?

तुम्हाला टिंपॅनोप्लास्टीत, म्हणजे कानाच्या पडद्याचं छिद्र बुजवण्याच्या शस्त्रक्रियेत, टेम्पोरालिस फॅशिया (कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण) आणि ट्रेगसचं कार्टिलेज (कानाच्या तोंडापुढच्या उंचवट्यातली कूर्चा) यांची तुलना करायची आहे, मुख्य निकष ऐकू येण्यातली सुधारणा, आणि प्रत्येक गटात ३० रुग्ण घ्यायचं जवळपास ठरलं आहे. माझं उत्तर: नाही पुरणार.

एअर-बोन गॅप म्हणजे हवेतून (एअर) आणि हाडातून (बोन) ऐकू येणाऱ्या किमान आवाजांतला, म्हणजे उंबऱ्यांतला, फरक. त्याचं प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतला चढउतार) १० डेसिबल धरा. ५ डेसिबलचा फरक ८० टक्के पॉवरने (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) पकडायला प्रत्येक गटात ६३ रुग्ण लागतात, १५ टक्के फॉलो-अपला येणार नाहीत असं धरलं तर ७५. ३० रुग्णांत साधारण ७ डेसिबलहून लहान फरक निसटण्याची शक्यता बरीच. मग ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष लिहिला जातो, आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘दोन्ही सारखेच’ असा घेतो. हे चूक आहे. ग्राफ्ट (छिद्रावर लावलेला तुकडा) टिकणं हा मुख्य निकष केलात तर आकडा आणखी वाढतो: ८५ विरुद्ध ९५ टक्के असा फरक दाखवायला प्रत्येक गटात १४० च्या आसपास.

संख्येपेक्षाही मला काळजी ऑडिओग्रामची (श्रवणचाचणीच्या आलेखाची) वाटते, कारण असे अभ्यास बहुतेकदा तिथेच कच्चे राहतात. ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झची सरासरी घ्या. ३००० तपासायची सवय अनेक ठिकाणी नसते, म्हणून ऑडिओलॉजिस्टला पहिल्या रुग्णाआधीच सांगून ठेवा. गॅप काढताना एअर आणि बोन दोन्ही त्याच दिवसाचे हवेत. शस्त्रक्रियेनंतरच्या एअरमधून आधीचं बोन वजा केलं तर निकाल उगाच चांगला दिसतो, कारण मध्यकर्ण सुधारला की बोनचे उंबरेही थोडे सुधारू शकतात. बोन तपासताना दुसऱ्या कानाला मास्किंग (त्या कानात वेगळा आवाज देऊन त्याला झाकणं) हवंच. कवटीतून आवाज जवळजवळ जसाच्या तसा पलीकडच्या कॉक्लियापर्यंत (अंतर्कर्णातल्या ऐकण्याच्या अवयवापर्यंत) पोचतो, त्यामुळे मास्किंग नसेल तर नोंदलेला उंबरा कोणत्या कानाचा हेच कळत नाही. आणि ऑडिओमीटर ५ डेसिबलच्या पायऱ्यांनी मोजतो, तेव्हा एखाद्या रुग्णात ५ डेसिबल सुधारले म्हणजे खरोखर सुधारणा झाली असं धरू नका.

सरासरीबरोबर गॅप १० आणि २० डेसिबलच्या आत आलेल्यांचं प्रमाणही द्या. जेलफोम (शस्त्रक्रियेत कानात भरलेला विरघळणारा स्पंज) विरघळण्याआधी केलेली चाचणी निरुपयोगी, म्हणून ऑडिओग्राम ३ महिन्यांनी करा, शक्य असेल तर १२ महिन्यांनी पुन्हा. फॅशिया आत ओढला जाणं किंवा नव्याने छिद्र पडणं बऱ्याचदा उशिरा दिसतं. ३ महिन्यांवर थांबलात तर कार्टिलेजचा जो मुख्य फायदा असू शकतो तोच मोजायचा राहून जाईल.

रुग्ण कोणत्या गटात जाणार हे सांगणारं वाटपाचं अपारदर्शक पाकीट फ्लॅप (कानाच्या नळीची त्वचा व पडदा) उचलून मध्यकर्ण पाहिल्यावरच उघडा. आधी उघडलं आणि आत कोलेस्टिएटोमा (मध्यकर्णात साठणारी त्वचेची गाठ) किंवा तुटलेली ऑसिक्युलर साखळी (कानातल्या तीन छोट्या हाडांची साखळी) निघाली, तर तो रुग्ण वगळताना गट बिघडतात. कार्टिलेजची जाडी प्रोटोकॉलमध्ये लिहा, साधारण ०.५ मिमी. पूर्ण जाडीचं वापरलं तर आवाज वहनावर परिणाम होऊ शकतो, आणि तुम्ही नेमकं काय तपासलं हेच धूसर होतं. एका रुग्णाचा एकच कान घ्या. छिद्राचा आकार, कान किती आठवडे कोरडा आहे आणि धूम्रपान यांची नोंद सुरुवातीलाच करा.

ब्लाइंडिंग (कोणाला काय लावलं हे तपासणाऱ्यांपासून लपवणं) पूर्ण जमणार नाही: कार्टिलेज ओटोस्कोपमधून जाडसर, पांढरट दिसतं. पण ऑडिओलॉजिस्टला गट कळू न देणं सहज जमतं, केसपेपर त्याच्या टेबलावर जाऊ देऊ नका एवढंच.

फॉलो-अप चुकवणारे बरे झालेत असं गृहीत धरू नका. कान वाहतोय म्हणून दुसरीकडे गेलेलेही त्यांत असतात. प्रत्येकाला फोन करा आणि न आलेल्यांची संख्या गटवार द्या.

वेळेअभावी ३० हून जास्त रुग्ण मिळणारच नसतील तर शीर्षकातच पायलट (प्राथमिक) अभ्यास म्हणा, अभ्यासाची ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी पहिल्या रुग्णाआधी करा, आणि पी-व्हॅल्यूपेक्षा फरक व त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो) ठळक मांडा.