धूळ आधीच छातीत गेली, आता बिडी सोडून काय मिळणार?

ॲस्बेस्टॉसचे पत्रे, पाइप किंवा गाड्यांची ब्रेक-लायनिंग बनवणाऱ्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याच्या आड भीती आहे की राग, हे विचारणाऱ्याच्या आवाजावरून मला आता बहुधा ओळखता येते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून ज्यांच्याविषयी लिहीत आहे, त्या काकांच्या बाबतीत मात्र मी सुरुवातीला चुकले.

काका ६१ वर्षांचे. पत्र्यांच्या कारखान्यात २३ वर्षे ॲस्बेस्टॉसची पोती फोडून यंत्रात ओतण्याचे काम त्यांनी केले होते. शर्टाच्या एकाच खिशात बिडीचे बंडल आणि कडा झिजलेले कारखान्याचे ओळखपत्र असे. पहिल्या दोन भेटींत ते घाबरले आहेत असे समजून मी धीर देत राहिले; ते मान डोलावत आणि बाहेर पडताच बिडी पेटवत.

तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, "मॅडम, मी बिडी सोडली, तर दोष बिडीचाच होता हे कबूल केल्यासारखे होईल. साहेब लोक तेच तर म्हणत आले."

घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला ग्रह माणसाला अधिक जखडतो, असे मानणाऱ्या विवेकनिष्ठ परंपरेत मी घडले, त्यामुळे गाठ कुठे आहे ते लगेच दिसले. काकांच्या लेखी बिडी सोडणे हा कबुलीजबाब होता.

मी कागदावर चार आकडे लिहिले. अमेरिका आणि कॅनडातील उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या सुमारे १७,८०० कामगारांच्या, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील ते होते: फुफ्फुसाच्या कर्करोगाने वर्षाला लाखामागे होणारे मृत्यू, ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान दोन्ही नसलेल्यांत ११, केवळ ॲस्बेस्टॉस असलेल्यांत ५८, केवळ धूम्रपान करणाऱ्यांत १२३ आणि दोन्ही असलेल्यांत ६०२. पोत्यांचा हिशेब ठेवण्यात हयात गेलेल्या काकांनी पेन्सिल मागून घेतली, ५८ आणि १२३ यांची बेरीज १८१ मांडली, ती ६०२ मधून वजा केली आणि बऱ्याच वेळाने विचारले, "मग हे वरचे ४२१ कुणाचे?"

हाच प्रश्न मी विचारला असता, तर तो उपदेश ठरला असता.

"दोघांचे मिळून," मी म्हणाले. "बिडी काढून घेतलीत, तरी धुळीचे ५८ जागेवरच राहतात. कारखान्याच्या नावावरचे काहीही पुसले जात नाही."

दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत केवळ ॲस्बेस्टॉसने धोका सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानाने अकरापट आणि दोन्हींनी मिळून जवळपास पंचावन्नपट, म्हणजे पाच आणि अकराचा गुणाकारच होतो. नंतरच्या अभ्यासांत हा गुणाकार नेहमी इतका चोख उतरलेला नाही; पण दोन्ही मिळून होणारा धोका साध्या बेरजेपेक्षा जास्त भरतो, असेच बहुतेकांत दिसते. याच व्यवसायातील कामगारांच्या २०१३ मधील अभ्यासात धूम्रपान सोडल्यावर १० वर्षांत या कर्करोगाच्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते, म्हणून "आता काय मिळणार" याचे उत्तर आकड्यांतही देता येते. फुफ्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग मात्र धूम्रपानाशी जोडलेला नाही, त्याचा धोका बिडी सोडल्याने घटत नाही, आणि हे मी कधी लपवत नाही. ॲस्बेस्टॉसचे आजार वीस-तीस वर्षांनीही डोके वर काढतात, त्यामुळे निवृत्तीनंतरही डॉक्टरांना जुने काम आणि बिडी दोन्ही सांगावे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार अशा कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, कारखान्याने जपायची असते. ती मागण्याचा बिडी ओढण्याशी किंवा न ओढण्याशी काहीही संबंध नाही.

बिडी सुटायला काकांना सात महिने लागले, आणि मध्ये दोनदा ती पुन्हा सुरूही झाली. नोंदीच्या अर्जाचा मसुदा मात्र ते पुढच्याच आठवड्यात घेऊन आले. त्यातली नोकरीला लागल्याची तारीख त्यांनी ओळखपत्रावरून उतरवून घेतली होती.