महिला बचत गटाच्या नव्या अध्यक्षांसाठी

अगं, अध्यक्ष झालीस म्हणून लगेच भाषणं पाठ करायला घेऊ नकोस. बायकांना उमेद येईल असं काही ना काही गटातच रोज घडत असतं. ते टिपायची सवय लाव. इतिवृत्ताच्या वहीचं शेवटचं पान त्यासाठीच ठेव.

शेळीसाठी कर्ज घेतलेली बाई मजुरी बुडाली त्या महिन्यातही हप्ता घेऊन आली, हे टिप. अंगठा लावणारी एखादी आता सही करते. पेन गच्च धरते, अक्षरं लांब लांब पडतात, पण दुसरीला हात लावू देत नाही, हेही टिप. पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच तिचं नाव घेऊन सांग. मात्र आधी तिला विचार. घरातली अडचण चारचौघींत निघालेली सगळ्यांनाच चालत नाही.

पंचसूत्री तर पाळायचीच: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. ते प्रशिक्षणात शिकवतीलच.

जमलं तर सगळ्यांना हिवरे बाजार या गावाला घेऊन जा. त्या गावाचा कायापालट घडवणाऱ्या पोपटराव पवारांना २०२० ची पद्मश्री मिळाली ते मोठंच, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. पाणी किती आहे ते सगळ्यांसमोर येतं, त्यावरून पिकं ठरतात. तूही कॅशबुक बैठकीत मोठ्यानं वाच, आणि तुझा स्वतःचा हप्ता थकला असेल तर तो सगळ्यात आधी वाच.