वृद्धाश्रमाच्या नव्या व्यवस्थापकास

अनेक उत्तम आशीर्वाद.

वृद्धाश्रमाची जबाबदारी स्वीकारल्याचे तुझे पत्र मिळाले. येथील कर्मचारी कोरडेपणाने वागतात, त्यांच्यासाठी एखादी कार्यशाळा ठेवावी का, असे तू विचारले आहेस. जरूर ठेव, पण त्याआधी आठवडाभर, सकाळी पाळी बदलताना मावशी एकमेकींना काय सांगतात, ते शेजारी उभे राहून ऐक.

‘तीन नंबरने रात्रभर छळले’ एवढ्यावरच निरोप संपत असेल, तर त्या आजी किती वेळा उठल्या, पाणी प्यायल्या का, लघवीला जळजळते म्हणाल्या का, हे कोणी पाहिलेलेच नसते. रात्री अंथरूण ओले होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी देणेच आवरते घेण्याची रीत काही ठिकाणी असते. त्यातून बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, प्रसंगी भ्रम होऊन आजी आणखी ओरडू लागतात आणि त्यांच्यावर ‘त्रासदायक’ असा शिक्का बसतो. याला मावशींचा दुष्टपणा समजू नकोस. रात्रपाळीला एकटी बाई, डायपर मोजून मिळणारे आणि चादर भिजली की बोलणी तिलाच, अशा स्थितीत तिने काढलेली ती वाट असते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीवर जखमा होतात. ते एकटीने केले तर त्याची त्वचा चादरीवर घासते व तिची कंबर धरते. कूस बदलल्याच्या तक्त्यावर रात्रभराच्या खुणा एका बैठकीत केलेल्या दिसल्या (त्या बहुधा दिसतीलच), तर रागावण्याआधी त्या रात्री कामावर किती जणी होत्या ते पाहा. आजोबा पडल्याचे जी स्वतःहून सांगेल, तिला चारचौघांत झापू नकोस. नाहीतर पुढच्या वेळी खुब्याचे हाड मोडल्याचे दुसऱ्या दिवशी कळेल. हात उगारणे, चिमटे काढणे, कोंडून ठेवणे यांना मात्र मनुष्यबळाची कोणतीही सबब चालू देऊ नकोस.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचे कलम 19 जिल्ह्यागणिक किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाविषयी बोलते. रात्री किती मावशी असाव्यात, हे ते सांगत नाही. त्यामुळे दुसऱ्या मावशीचा पगार विश्वस्तांकडून तुलाच मिळवावा लागेल. बैठकीला जाताना रात्रपाळीचा तक्ता आणि पाठीवरच्या जखमांची नोंदवही सोबत ने, आणि दोन्हींतल्या तारखा त्यांना शेजारी शेजारी ठेवून दाखव.

कळावे.