जंतू कमी आहेत म्हणजे पाणी सुरक्षित आहे का?

प्रश्न : आमचं ब्रॉयलरचं शेड आहे, पाणी बोअरचं. टाकीतलं पाणी लॅबमधून तपासून आणलं, जंतूंचा काउंट अगदी कमी आला. पण आमचे डॉक्टर म्हणतात की पाण्यामुळे साल्मोनेला हा आतड्याचा आजार करणारा जंतू जास्त घातक होऊ शकतो. हे कसं शक्य आहे आणि तपासायचं कसं?

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे, कारण जंतू किती आहेत आणि ते किती आक्रमक आहेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटच्या रिपोर्टमध्ये फक्त पहिली दिसते. साल्मोनेला आतड्याच्या पेशीत घुसतो ते काही ठरावीक जीन्स (जनुकं) चालू करून, हिलए (hilA) हे जनुक त्यातला मोठा स्विच, आणि आजूबाजूला क्षार किती, आम्लता किती, ऑक्सिजन किती यावर तो चालू-बंद होत असतो. पाण्यात ॲसिड टाकणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं, ब्यूटिरिक आणि प्रोपिऑनिक ॲसिडने घुसण्याचा जोर कमी होतो पण ॲसेटिकने उलट वाढलेलाही प्रयोगांत दिसलाय, त्यामुळे कुठलंही ॲसिड चालतं असं मुळीच नाही.

आता टेस्ट. तुमचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घेतात म्हणजे त्यातले जंतू जातात पण क्षार तसेच राहतात (उकळलं तर पाण्याचा स्वभावच बदलतो, कॅल्शियम खाली बसतो). मग एकच साल्मोनेला तुमच्या पाण्यात आणि तुलनेसाठी दुसऱ्या, घटक माहीत असलेल्या पाण्यात सारखाच वेळ, सारख्याच तापमानाला ठेवायचा. नंतर दोन्हीतले जिवंत जंतू मोजून सारख्याच संख्येने लॅबमध्ये वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर सोडायचे. ही संख्या सारखी ठेवली नाही तर सगळी मेहनत वाया, हे मी कळकळीने सांगतो. तासाभराने जेंटामायसिन हे अँटिबायोटिक घालतात, ते बाहेरचे जंतू मारतं पण पेशीच्या आत फारसं जात नाही, म्हणून पेशी फोडून प्लेटवर (जंतू वाढवायच्या लॅबमधल्या बशीवर) जे वाढतात ते आत घुसलेले. सोडलेल्यांपैकी किती टक्के घुसले, हा आकडा दोन्ही पाण्यांचा शेजारी ठेवून बघायचा. जोडीला आरटी-पीसीआरने हिलएसारखी जीन्स किती चालू आहेत तेही मोजतात. आणि एकदा करून भागत नाही, वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा करावं लागतं.

क्लोरीन वापरत असाल तर आणखी एक अडचण, काही जंतू मरत नाहीत पण प्लेटवर वाढतही नाहीत, म्हणून काउंट कमी आला तरी निर्धास्त होऊ नका.

तुमच्याकडचं सँपल मात्र टाकीतून घेतलंय तिथेच गडबड आहे. निपल लाइनमध्ये (कोंबड्यांना पाणी देणाऱ्या नळीत) आतून चिकट थर धरतो, जंतू तिथे राहतात आणि कोंबडी पिते ते तिथलंच पाणी, तेव्हा पुढचं सँपल लाइनच्या शेवटच्या टोकाचं घ्या. काउंटसाठीच्या बाटलीत लॅबकडून सोडियम थायोसल्फेट घालून घ्या, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट उगाच छान येतो.